मोठा कॉन्टॅक्टर बसवूनही गरम पाण्याचा रिले का जळतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकजवळच्या वसतिगृहात गच्चीवर १००० लिटरची इन्सुलेशन केलेली टाकी आहे. एरवी सोलरवर भागतं, थंडीत मात्र तीन फेजवरचे १८ किलोवॅटचे हीटर चालवावे लागतात. दर हिवाळ्यात 'रिले जळतो'. वायरमनने २५ अँपिअरचा काढून ४० चा बसवला, तोही दोन महिन्यांत काळा पडला आणि एका पहाटे नळाला उकळतं पाणी आलं. माल हलका मिळतोय का, कंपनी बदलावी का, की सरळ सॉलिड स्टेट रिले (हलत्या पॉइंटशिवाय चालणारा इलेक्ट्रॉनिक रिले) लावावा, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता एक वाक्य लिहिलंय : गच्चीलगतच्या खोलीतली मुलं रात्रभर पॅनलमधून येणाऱ्या टकटक आवाजाची तक्रार करतात.

ते शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पण आधी करंटचा हिशेब करून टाकू, कारण तुमच्या वायरमनचा संशय तिथेच आहे.

१८ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, तीन फेज म्हणजे प्रत्येक फेजला २५ अँपिअर. कॉन्टॅक्टरवर (म्हणजे मोठा भार जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचवर) 'एसी-३'पुढे जो आकडा असतो तो मोटरसाठीचा. मोटर सुरू होताना पाच-सात पट करंट ओढते, म्हणून तो आकडा मुद्दाम कमी धरलेला असतो. हीटरसाठी 'एसी-१'चा आकडा बघायचा, आणि २५ अँपिअर एसी-३च्या कॉन्टॅक्टरला तो साधारण ४० असतो. हीटरची तार गार असो वा तापलेली, तिचा रोध फारसा बदलत नाही, त्यामुळे चालू करताना जादा धक्काही बसत नाही. म्हणजे तुमचा जुना कॉन्टॅक्टर मुळीच लहान नव्हता. पुरेसा होता आणि तरी जळला, तेव्हा कारण करंटमध्ये शोधण्यात अर्थ नाही.

कारण आहे मोजणीत. रिले असो वा कॉन्टॅक्टर, त्याला दोन आयुष्यं असतात. नुसता यांत्रिक भाग लाखो वेळा, छोट्या रिलेत तर कोटीभर वेळा हलू शकतो. पूर्ण भार घेऊन उघड-मीट करायची तर साध्या पॉवर रिलेचं आयुष्य साधारण १ लाख वेळा धरतात. कॉन्टॅक्टर त्याहून बरा, पण मर्यादा त्यालाही आहेच. पॉइंट (वीज जोडणारी-तोडणारी धातूची टोकं) जुळताना एकदम शांत बसत नाहीत, काही मिलिसेकंद उड्या मारतात, आणि प्रत्येक उडीत छोटी ठिणगी पडून चांदीच्या मिश्रधातूचा कण वितळतो. एका वेळेचं नुकसान नगण्य असतं, लाख वेळांचं नसतं.

आता टकटक. तुमच्या पॅनलवरचा डिजिटल टेम्परेचर कंट्रोलर बहुधा पीआयडी प्रकारचा, म्हणजे हिशेब करून तापमान बारकाईने धरून ठेवणारा आहे. पाणी ठरवलेल्या तापमानाच्या जवळ आलं की तो हीटर सलग चालू ठेवत नाही. ठरावीक सेकंदांचा एक फेरा धरतो आणि त्यातले गरजेपुरते सेकंदच हीटर चालू ठेवतो. या फेऱ्याला सायकल टाइम म्हणतात. रिले आउटपुटच्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये तो कारखान्यातूनच २० सेकंदांवर ठेवलेला येतो. रात्री पाणी कुणी वापरत नाही, टाकी हळूहळू निवते, आणि कंट्रोलर दर २० सेकंदांनी दोन-तीन सेकंद हीटर लावत बसतो. तासाला १८० वेळा. रात्रीचे आठ तास धरले तर १४४०. या वेगाने १ लाखाचा आकडा सत्तर दिवसांत गाठला जातो. तुमचा 'दोन महिन्यांत काळा पडला' हा अनुभव या हिशेबाला चांगलाच जुळतो.

हजार लिटर पाण्याला इतक्या बारीक नियंत्रणाची काही गरज नाही. १८ किलोवॅट लावले तरी ही टाकी तासाला जेमतेम १५ अंश तापते. कंट्रोलरच्या मेनूत जाऊन पीआयडी बंद करा, साधं ऑन-ऑफ निवडा आणि हिस्टेरिसिस, म्हणजे बंद आणि चालू होण्यातलं अंतर, ५ अंश ठेवा. ६० ला बंद, ५५ ला चालू. पाच अंश भरून काढायला वीसेक मिनिटं लागतात. मग आंघोळीची गर्दी धरूनसुद्धा दिवसात फार तर वीसेक वेळा कॉन्टॅक्टर हलेल. चार महिन्यांच्या हिवाळ्यात २४०० वेळा. त्याच कॉन्टॅक्टरने कित्येक वर्षं काढावीत. या दुरुस्तीला एक पैसा लागत नाही, फक्त कंट्रोलरची माहितीपुस्तिका शोधावी लागते, आणि ती पॅनलच्या दाराच्या आतल्या खिशात निम्म्या वेळा सापडते.

मेनू बदलूनही टकटक थांबली नाही तर सेन्सर बघा. तो एलिमेंटच्या अगदी जवळ खोचला असेल किंवा थंड पाणी टाकीत जिथे शिरतं तिथे असेल, तर त्याला टाकीचं नव्हे, भोवतालच्या लिटरभर पाण्याचं तापमान कळतं आणि ते सारखं हलतं. सेन्सरची वायर पॉवर केबलसोबत एकाच पाइपातून ओढली असेल तरीही आकडा नाचतो.

आता उकळत्या पाण्याकडे. वायरमनचा हेतू चांगला होता, पण मोठ्या कॉन्टॅक्टरने इथे नुकसानच झालं असण्याची दाट शक्यता आहे. तुम्ही ज्याला रिले म्हणताय त्या खरं तर दोन वस्तू आहेत. कंट्रोलरच्या पोटात एक छोटा रिले असतो, तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलला (पॉइंट ओढून जुळवणाऱ्या तारेच्या गुंडाळीला) वीज देतो, आणि कॉन्टॅक्टर हीटरला. कॉन्टॅक्टर ओढला जाताना त्याची कॉइल क्षणभर खूप जास्त करंट घेते. २५ च्या कॉन्टॅक्टरच्या मानाने ४० च्या कॉन्टॅक्टरला हा झटका साधारण दुप्पट-अडीचपट लागतो. सुटताना कॉइलमधून उलटा व्होल्टेजचा फटकाही येतो. हे सगळं कंट्रोलरमधल्या बोराएवढ्या रिलेवर, तासाला १८० वेळा. तो छोटा रिले चिकटला की कंट्रोलरच्या पडद्यावर 'बंद' दिसतं आणि कॉन्टॅक्टर मात्र आत धरलेलाच राहतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, परत २५ चा कॉन्टॅक्टर बसवा. दुसरा, कॉइलच्या दोन टोकांवर आरसी सप्रेसर (तो उलटा फटका शोषून घेणारा छोटा भाग) जोडा. प्रत्येक कंपनीचा स्वतःच्या कॉन्टॅक्टरवर बसणारा तयार मिळतो. तो कॉइलवरच लावायचा, कंट्रोलरच्या पॉइंटवर नाही. पॉइंटवर लावला तर रिले उघडा असतानाही सप्रेसरमधून काही मिलिअँपिअर झिरपत राहतात. तेवढ्याने इंडिकेटर मिणमिणतो आणि छोटा कॉन्टॅक्टर कधी कधी सुटायला तयार होत नाही.

सुरक्षेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे मुलं आंघोळ करतात. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. उकळतं पाणी नळाला आलं याचा अर्थ टाकीत तापमान रोखणारं दुसरं काहीही नव्हतं, किंवा असूनही चाललं नाही. बहुतेक पॅनलमध्ये जादा तापमानाचा कट-आउट असतो, पण तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरीत टाकलेला असतो. कंट्रोलरचा छोटा रिले चिकटला तर तो वाचवेल. पण कॉन्टॅक्टरचे मुख्य पॉइंटच एकमेकांना चिकटले असतील तर कॉइलची वीज तोडून उपयोग काय? कॉइल निर्जीव होते, पॉइंट जिथल्या तिथे राहतात आणि हीटर चालूच.

म्हणून कट-आउट स्वतंत्र हवा : वेगळ्या फुग्याचा, कॅपिलरी प्रकारचा (फुग्यातून बारीक नळीने तापमान ओळखणारा), हाताने बटण दाबल्याशिवाय परत चालू न होणारा, ८० अंशांच्या आसपास लावलेला. त्याने तोडायचा तो मागचा, म्हणजे रोजच्या कॉन्टॅक्टरच्या आधी त्याच लाइनवर बसवलेला दुसरा कॉन्टॅक्टर, किंवा शंट ट्रिप (विजेचा इशारा मिळताच एमसीबी पाडणारा जोडभाग) लावलेला मुख्य एमसीबी. हा दुसरा कॉन्टॅक्टर रोज हलत नाही, सीझनमध्ये चालूच राहतो, त्यामुळे त्याचे पॉइंट ताजे राहतात आणि वेळ येते तेव्हा तो सुटतो. खर्च एका कॉन्टॅक्टरचा आणि एका थर्मोस्टॅटचा. शिवाय टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि हवा जाण्याचा पाइप मोकळा आहे ना, हे बघून घ्या. क्षाराने बुजलेले व्हॉल्व्ह गावोगाव दिसतात. आणि न्हाणीघराकडे जाणाऱ्या मुख्य पाइपावर मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवला तर नळाला येणारं पाणी ४५ च्या आत ठेवता येतं. टाकीत मात्र ६० च राहू द्या. कोमट साठवणीत जंतू वाढतात, विशेषतः लिजिओनेला.

चिकटलेला कॉन्टॅक्टर ओळखायची सोपी युक्ती म्हणजे कॉन्टॅक्टरच्या आउटपुटवर, हीटरच्या बाजूला, तीन फेजचे तीन इंडिकेटर लावा. कंट्रोलर 'बंद' दाखवतोय आणि खाली एक जरी दिवा पेटलेला आहे, की मुख्य स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा. वॉचमनलासुद्धा एवढं शिकवता येतं.

जळालेला कॉन्टॅक्टर टाकून दिला नसेल तर तो उघडून बघा, त्यात बरीच माहिती असते. प्लास्टिक फक्त स्क्रूजवळ तपकिरी झालंय आणि आतले पॉइंट बरे आहेत, तर दोष कॉन्टॅक्टरचा नाही, लूज कनेक्शनचा आहे. बारीक तारांची केबल लगशिवाय (तारेच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीशिवाय) नुसती पिळून स्क्रूखाली दाबली की हे होतं. ॲल्युमिनियमची केबल असेल तर आणखी लवकर होतं. तारा तापतात, फुगतात, निवतात, स्क्रू सैल होतो, मग आणखी तापतात. लग क्रिंप करून घ्या आणि पूर्ण भार आठवडाभर चालला की वीज बंद करून स्क्रू एकदा पुन्हा आवळा. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा दिसला तर तो उघड-मिटीचा मार आहे. तुमच्याकडे हेच दिसेल असा माझा अंदाज आहे. पॉइंट वितळून एकजीव झाले असतील तर मोठा शॉर्ट झाला होता किंवा कॉन्टॅक्टर खडखडत होता. आणि पॉइंट ठीक पण कॉइल जळून तिचा वास येतोय, तर व्होल्टेज तपासा.

खडखडीबद्दल दोन शब्द. कॉइल २३० व्होल्टची असेल तर ती खात्रीने ओढली जाण्यासाठी सुमारे १९५ व्होल्ट लागतात. रात्री शेतीपंप सुरू झाले की गावाकडच्या लाइनवर व्होल्टेज त्याच्या खाली जाणं नवं नाही. मग कॉन्टॅक्टर अर्धवट ओढला जातो, हीटरचा भार आला की व्होल्टेज आणखी पडतं, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो. हे सेकंदात अनेक वेळा होतं. अशी खडखड काही मिनिटं चालली तरी पॉइंट चिकटू शकतात. व्होल्टेज कमी झालं की वीज तोडणारा व्होल्टेज मॉनिटरिंग रिले आणि त्याला मिनिटभराचा ऑन-डिले (पुन्हा चालू होण्याआधीचा थांबा), एवढं पुरतं. खडखड नसून नुसती सततची गुणगुण येत असेल तर वीज बंद करून कॉन्टॅक्टर उघडा. लोखंडी तोंडांमध्ये धूळ असते, किंवा मुंग्या. हसू नका, चिरडलेल्या मुंग्यांचा थर बसून न मिटणारे कॉन्टॅक्टर मी भरपूर पाहिलेत. केबल जिथून आत येते ती भोकं ग्लँडने (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने) बंद करा. पालीही तिथूनच शिरतात.

पॉइंट काळे दिसले की पॉलिश पेपर घेऊन घासायची पद्धत आहे, ती आजपासून बंद करा. चांदीवरची काळी झाक बहुतेक वेळा वीज अडवत नाही. घासल्याने मात्र चांदीचा थरच जातो आणि खालचं तांबं उघडं पडतं. काळेपणावरून निवाडा करण्यापेक्षा मोजलेलं बरं : पूर्ण भार चालू असताना कॉन्टॅक्टरच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलमध्ये किती मिलिव्होल्ट पडतात ते तिन्ही फेजवर बघायचं. शंभराच्या आत आणि तिन्ही साधारण सारखे असतील तर तब्येत ठीक. एका फेजवर ८०० दिसले तर २५ अँपिअरला तिथे २० वॅट उष्णता होतेय, आणि तीही नखाएवढ्या जागेत. तो पोल (त्या फेजची पॉइंटची जोडी) गेल्यातच जमा. हे चालू वीजेवरचं काम आहे, जाणकार माणसानेच, योग्य मीटर आणि हातमोजे घालून करायचं. वीज चालू असताना तुम्ही किंवा मुलांनी पॅनल उघडायचं नाही.

अशा मरणाऱ्या पोलचं एक लक्षण तुम्हाला पॅनल न उघडताही कळेल. हीटर न्यूट्रलशिवाय स्टारमध्ये किंवा डेल्टामध्ये (तीन फेजवर हीटर जोडायच्या दोन पद्धती) जोडलेले असतील आणि एक फेज तुटली, तर शक्ती दोन-तृतीयांश उरत नाही, निम्मी होते. स्टारला न्यूट्रल दिला असेल तरच दोन-तृतीयांश मिळते. तेव्हा 'पाणी तापतंय, पण नेहमीच्या दुप्पट वेळ लागतोय' असं कुणी म्हणालं की क्षारावर खापर फोडण्याआधी वायरमनकडून टाँग टेस्टरने (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) तिन्ही फेजचा करंट बघून घ्या.

क्षाराचा विषय निघालाच आहे तर, बोअरच्या पाण्याने एलिमेंटवर थर बसतो आणि 'त्यामुळे जास्त करंट ओढला जातो' असं सर्रास सांगितलं जातं. तसं होत नाही. थरामुळे उष्णता बाहेर पडत नाही, आतली तार आणि बाहेरची नळी प्रमाणाबाहेर तापतात, शेवटी नळी तडकते आणि आतल्या पावडरीत पाणी शिरतं. तिथून करंट अर्थला गळायला लागतो, पुढे शॉर्ट होतो, आणि त्या शॉर्टमध्ये कॉन्टॅक्टर चिकटू शकतो. दिवाळीनंतर हीटर सुरू करण्यापूर्वी प्रत्येक एलिमेंट ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासा. १ मेगाओमच्या खाली असेल तो बदला. आणि आरसीसीबी (करंट अर्थला गळला की वीज तोडणारा स्विच) सारखा उडतो म्हणून कुणी तो काढून टाकला असेल तर आधी परत बसवून घ्या. तो उडत होता तो कारणानेच. ज्या पाण्यात मुलं उभी राहणार आहेत त्या पाण्याच्या बाबतीत मी यावर वाद घालत नाही.

आता सॉलिड स्टेट रिले. त्याला हलणारे पॉइंट नाहीत, आवाज नाही, उघड-मिटीची मोजणी नाही. पीआयडीच ठेवायचा असेल तर तोच योग्य. पण तो चालू असताना त्याच्यात साधारण सव्वा व्होल्ट पडतात, म्हणजे २५ अँपिअरला तीसेक वॅट, तीन फेजचे मिळून नव्वद. बंद पॅनलमध्ये एवढी उष्णता काढायला मोठा हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा) आणि पंखा लागतो. आणि तो बिघडतो तेव्हा बहुधा 'चालू' अवस्थेतच बिघडतो, म्हणजे ज्या प्रकाराला आपण घाबरतोय तोच. त्याच्यामागे सुरक्षेचा कॉन्टॅक्टर लागतोच. प्लॅस्टिकच्या साच्याचं मशीन असतं तर मी डोळे झाकून हो म्हटलं असतं. हजार लिटरच्या टाकीला त्याची गरज नाही.

   

कंपनी बदलायची का, तर नाही. नावाजलेल्या कुठल्याही कंपनीचा २५ अँपिअर एसी-३ कॉन्टॅक्टर चालेल, फक्त अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, कारण नकली माल बाजारात भरपूर आहे. एक स्पेअर वसतिगृहात ठेवाच, पण घेताना कॉइलचं व्होल्टेज वाचून घ्या. २३० आणि ४१५ व्होल्टच्या कॉइलचे कॉन्टॅक्टर बाहेरून अगदी सारखे दिसतात. ४१५ चा २३० वर ओढलाच जाणार नाही, आणि २३० चा चुकून दोन फेजमध्ये जोडला तर काही मिनिटांत जळेल. आणि मग 'नवा रिलेसुद्धा हलका निघाला' म्हणून पुन्हा कंपनीला दोष दिला जाईल.